हजेरीपटावरची मुले, फडातली मुले

देशभरातल्या शाळांची आकडेवारी गोळा करणाऱ्या ‘युडायस’ यंत्रणेसाठी अनेक वर्षे ३० सप्टेंबर हा संदर्भ-दिवस होता. त्या दिवशी पटावर जितकी मुले, तितकी त्या वर्षाची पटसंख्या. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत सप्टेंबरअखेर गावे भरलेली असतात. सोयाबीन काढणीला आलेले असते, कापूस फुटू लागतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले दाटीवाटीने बसतात. दसरा उलटला की ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येऊ लागतात. दिवाळीच्या आगेमागे वाड्या आणि तांडे रिकामे होतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे, दारांना लागलेली कुलपे आणि शाळेच्या हजेरीपटावर राहिलेली, गेलेल्या मुलांची नावे.

पटावरचा आकडा खोटा नसतो. ज्या दिवशी तो घेतला त्या दिवसापुरता तो अगदी खरा असतो. पण ऊसतोडीचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि त्या पाच महिन्यांबद्दल हा आकडा एक अक्षरही बोलत नाही.

४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचे एक दिवसाचे राज्यव्यापी सर्वेक्षण झाले. शिक्षक घरोघरी, वीटभट्ट्यांवर, रेल्वे स्थानकांत, सिग्नलच्या चौकांत गेले. पल्स पोलिओच्या धर्तीवर मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. एवढी मोठी यंत्रणा एकाच दिवशी रस्त्यावर उतरली, हे कौतुकाचेच होते. घाईबद्दल आणि सुटलेल्या वस्त्यांबद्दल टीकाही भरपूर झाली. पण त्या गदारोळात सर्वांत साध्या गोष्टीची चर्चा फारशी झाली नाही, आणि ती म्हणजे तारीख. जुलैत ऊसतोड कामगार आपापल्या गावी असतात. त्यांची मुले तेव्हा शाळेत असतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शोधायला निघालेल्या माणसाला हंगामी स्थलांतर करणारे मूल ‘शाळाबाह्य’ म्हणून सापडणे जवळपास अशक्य. २०२२ मधले ‘मिशन झीरो ड्रॉपआउट’ही जुलैतच राबवले गेले. मार्च २०२१ च्या शोधमोहिमेत मात्र अनियमित आणि स्थलांतरित मुलांचा वेगळा विचार केलेला होता. शोध कुठल्या महिन्यात घ्यायचा हा प्रश्न वरवर प्रशासकीय सोयीचा दिसतो. प्रत्यक्षात कोण मोजले जाणार आणि कोण नाही, हे तोच ठरवतो.

शिक्षणातल्या एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करू पाहणाऱ्या प्रत्येकाला या अडचणीला भिडावे लागते, मग तो समाजकार्याचा विद्यार्थी असो, बदलीवर नव्याने आलेला शिक्षक असो की पत्रकार. एका हाताला कागद असतात: जनरल रजिस्टर, हजेरीपट, अहवाल, शासन निर्णय. दुसऱ्या हाताला माणसे असतात: आई, आजी, मुकादम, शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणारा ‘बालरक्षक’ शिक्षक, स्वतः मूल. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात आणि तरीही त्यांची गोष्ट जुळत नाही. ती जिथे जुळत नाही तिथेच अभ्यास सुरू करावा, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे. त्यासाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न निवडला आहे, कारण महाराष्ट्रात कागद आणि माणूस यांच्यातले अंतर इतके उघड दुसरीकडे क्वचितच दिसते.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने प्रांतोप्रांती निवेदने आणि साक्षी घेतल्या. शाळा किती, विद्यार्थी किती, खर्च किती याचे तक्ते सरकारकडे तयार होते. महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगाला जे निवेदन दिले, त्यात त्यांनी आपला आधार स्पष्ट सांगितला: पुणे आणि आसपासच्या खेड्यांतला स्वतःचा अनुभव. सरकारी महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो, हे त्यांनी त्याच महसुलाच्या हिशेबावर बोट ठेवून मांडले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, कारण ते खेड्यातल्या लोकांत मिसळू शकतात, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारचेच आकडे घ्यायचे आणि गावातल्या अनुभवाने त्यांची तपासणी करायची, ही रीत त्यात दिसते. पंडिता रमाबाईंनीही त्याच आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज ठासून सांगितली. मुलींच्या शाळेतल्या अडचणी कोणाला विचारायच्या, याचे उत्तर त्या साक्षीतच होते.

त्यानंतर सव्वाशे वर्षांत कायदे आले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १ एप्रिल २०१० पासून देशभर शिक्षण हक्क कायदा लागू झाला: ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण, वयानुरूप वर्गात प्रवेश, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदली मिळण्याचा हक्क. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे या कायद्याचे परिशिष्ट सांगते. शाळा तितके दिवस भरते. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, गेलेल्या मुलाच्या वाट्याला त्यांतले निम्मे आले तरी पुष्कळ.

आता कागदांकडे वळू. गावच्या शाळेतला सर्वांत बोलका कागद हजेरीपट. एकाच वर्गाचे सलग तीन-चार वर्षांचे हजेरीपट शेजारी शेजारी ठेवले की ऑक्टोबरनंतर काही नावांपुढे एकाच आठवड्यात गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात थांबतात. ही ऊसतोड कामगारांची टोळी जाण्याची आणि परतण्याची नोंद आहे. ती करण्याचा कोणाचा हेतू नव्हता, म्हणूनच ती भरवशाची. दुसरा कागद शालेय पोषण आहाराची नोंदवही. त्या दिवशी किती ताटे वाढली, याचा आकडा हजेरीशी ताडून पाहता येतो. जनरल रजिस्टरात दाखल तारीख आणि दाखला नेल्याची तारीख असते. हंगामापुरते गेलेले मूल दाखला नेत नाही, म्हणून तिथे ते कायम हजरच राहते. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात स्थलांतराचा विषय कोणत्या महिन्यात आला आणि त्यावर सही कोणी केली, हेही वाचण्यासारखे असते.

या कागदांना शिक्षकाच्या अडचणीही चिकटलेल्या असतात. पट कमी झाला तर शिक्षकाचे पद जाते, कधी शाळाच धोक्यात येते. डिसेंबरात गैरहजर मूल पटावरून कमी केले तर एप्रिलात ते परत आल्यावर काय करायचे, असाही प्रश्न असतो. त्यात मूल्यमापनाची गाठ. कायद्याने सुरुवातीची वर्षे आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नव्हते, त्यामुळे सहा महिने फडात घालवलेले मूलही कागदावर पुढच्या इयत्तेत जात राहिले. अभ्यासकाने या नोंदी वाचताना शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. वाडीवरच्या मुलांची नावे पटावर टिकवून धरणारा हाच माणूस अनेकदा स्वतःच्या खिशातून त्यांना वह्या घेऊन देतो. तो का असे लिहितो हे त्यालाच विचारावे. तो बहुधा मोकळेपणाने सांगतो.

मोठ्या पाहण्यांचे कागद दुसऱ्या प्रकारे उपयोगी पडतात. १९९६ मध्ये बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हिमाचल प्रदेशात एक मोठी पाहणी झाली. तिचा ‘प्रोब’ हा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब आईबापांना मुलांना शिकवण्यात रसच नसतो, हा समज त्या काळी सरकारी कार्यालयांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे पक्का होता. पाहणी करणाऱ्यांनी आईबापांनाच विचारले. मुलाने शिकणे महत्त्वाचे आहे असे ९८ टक्के पालकांनी सांगितले, आणि मुलीबाबत तसे म्हणणारे ८९ टक्के होते. त्याच पाहणीत अनेक शाळा अशा आढळल्या, जिथे भेटीच्या वेळी शिकवणे चाललेलेच नव्हते. इच्छा घरात होती, कमतरता शाळेत होती. दोन्हीकडे जाऊन पाहिले नसते तर हे कळले नसते.

‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की ती शाळेत न होता घरी होते. स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जातात आणि मुलाच्या हातात एक साधा उतारा देऊन वाचायला सांगतात. मूल शाळेत असो, नसो, त्या दिवशी गैरहजर असो, ते मोजले जाते. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेत होती, आणि पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नव्हता. प्रवेशाचा प्रश्न सुटला म्हणून समाधान मानणाऱ्या देशाला या एका साध्या चाचणीने जागे केले. पण ‘असर’लाही मर्यादा आहे: कुलूप लागलेल्या घरात उतारा वाचायला कोणी नसते.

म्हणून फडावर जावे लागते, आणि इथे मुलाखतीचा भाग सुरू होतो.

फडावर मुलाखत घेणे अवघड आहे. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. पहाटे, अनेकदा तीन-चारला, कोयता फडात उतरतो. तोडणी, साळणी, मोळ्या बांधणे आणि मग गाडी भरणे. गाडी रात्री येवो की भल्या पहाटे, भरायला उठावेच लागते. बाईला त्याआधी भाकरी, पाणी, लेकरे आणि खोपीतले सगळे असते. दुपारी बाराला हातात वही घेऊन पोचलेल्या माणसाला ती काय सांगणार? गाडी भरून गेल्यावरचा मोकळा तास किंवा पावसाने तोड बंद पडलेला दिवस धरावा लागतो. मुकादमासमोर उचलीबद्दल विचारू नये. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला असतो आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. मुकादम उभा असताना ‘मुलांना शाळेत का घालत नाही’ असे विचारले तर उत्तर एकच मिळते: ‘घालायचंय की.’

प्रश्न कसा विचारला यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘तुमची मुले शाळेत जातात का?’ हा सरकारी माणसाचा प्रश्न आहे, त्याला सरकारी माणसाला रुचेल असेच उत्तर येते. ‘काल दिवसभर थोरल्या पोरीने काय काय केले?’ असे विचारले की बोलणे वळते. ती सकाळी धाकट्याला सांभाळत होती. पाणी आणायला वस्तीवर गेली. बैलांसाठी उसाचे वाढे गोळा केले. दुपारी भाकरी घेऊन फडात आली. शाळेचा शब्दही न काढता शाळा का सुटते हे त्या दिवसाच्या हिशेबात मिळते. मूल कामाला लावले म्हणून शाळा सुटली असे वर वर वाटते, पण बहुतेक घरांत दहा-अकरा वर्षांच्या मुलीची शाळा सुटते ती दोन वर्षांच्या भावंडाला सांभाळायला दुसरे कोणी नाही म्हणून. पाळणाघर हा शिक्षणाचा विषय आहे हे हजेरीपट कधीच सांगणार नाही.

दुसरी गोष्ट अशीच मुलाखतींतून कळते. सगळे ऊसतोड कामगार एकाच तऱ्हेने राहत नाहीत. बैलगाडी किंवा टायरगाडीवाले, म्हणजे ‘गाडी सेंटर’चे कामगार, कारखान्याजवळच्या तळावर खोप्या घालतात आणि हंगामभर बहुधा तिथेच असतात. ‘डोकी सेंटर’चे कामगार, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारे, ऊस जिथे असेल तिथे जातात. आज या गावच्या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात. कोणी सांगली-कोल्हापुरात, कोणी सीमेपलीकडे कर्नाटकात, जिथे जवळची शाळा कन्नड माध्यमाची. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. त्या तळावरच्या मुलांना उपयोगी पडत, फिरत्या टोळीतल्या मुलांपर्यंत त्या पोचणे कठीण होते. शिक्षण हक्क कायद्यानंतर प्रत्येक मूल औपचारिक शाळेतच असावे असे धोरण आले आणि साखरशाळांचा आधार बराच सुटला. कायद्याचा हेतू बरोबर होता. तळापासून जवळच्या शाळेपर्यंत रोज त्या मुलाला नेणार कोण, हे मात्र त्यात कुठे लिहिलेले नव्हते.

मुलांशी बोलताना आणखी जपावे लागते. त्यांना परीक्षा घेतल्यासारखे विचारू नये, फोटो काढू नये, नाव छापू नये. आईबापांची परवानगी घ्यावी आणि मुलाची स्वतःचीही. कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टोळीत कोण काय बोलले हे लेखनातून ओळखता आले तर त्या कुटुंबाची पुढच्या वर्षीची उचल धोक्यात येऊ शकते. अभ्यासकाचा लेख छापून येतो आणि तो पुढच्या विषयाकडे जातो, कुटुंब त्याच मुकादमाकडे राहते.

या सगळ्यातून पुढे काय होऊ शकते, याचे एक उत्तम उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात घडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. तिथली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे चारायला जात. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. गुरे जिथे चरतात तिथेच शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मोठ्या मुली भावंडांमुळे अडकतात हे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलगी आपल्या वर्गात, धाकटे भावंड शेजारच्या पाळणाघरात. हे उत्तर वस्तीत राहून, मुलांचा दिवस पाहून मिळाले होते. ऊसतोडीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कोणालाही कोसबाडचा अनुभव वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

महाराष्ट्र शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली, ज्यात आईबाप फडावर गेले तरी मूल गावात राहून शाळेत जाऊ शकते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आले. ते दाखवले की वाटेतल्या कोणत्याही शाळेने मुलाला वर्गात बसवायचे. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही जाहीर झाली. या योजना चांगल्या आहेत. त्यांचा अभ्यास अजून पुरेसा झालेला नाही, निदान ज्यांच्यासाठी त्या आहेत त्यांच्या तोंडून तरी नाही. हंगामी वसतिगृह टोळी निघण्याच्या आधी सुरू झाले की नंतर? नंतर सुरू झाले असेल तर मूल आधीच फडावर गेलेले असते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीची रात्रीची जबाबदारी कोण घेते? हमी कार्ड मुलाच्या दप्तरात आहे की शाळेच्या कपाटात? आजीकडे ठेवलेल्या मुलाच्या जेवणाचे पैसे कोणाच्या खात्यात येतात? ऊस कापणारी माणसे किती याचेही दहा ते पंधरा लाख असे वेगवेगळे अंदाज वर्षानुवर्षे छापले जातात, तर त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलांचा नक्की आकडा कुठून येणार? हे प्रश्न तालुका कार्यालयात आणि खोपीत, दोन्हीकडे विचारायचे आहेत, आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहायची आहेत.

हे काम एका माणसाचे नाही, पण एका गावापासून ते सुरू करता येते. ज्या गावातून टोळ्या जातात तिथला शिक्षक आणि ज्या गावच्या शिवारात त्या उतरतात तिथला शिक्षक यांनी एकमेकांना फोन केला तरी निम्मी माहिती जुळते. महाविद्यालयांतले विद्यार्थी सप्टेंबरात हजेरीपट पाहतील आणि जानेवारीत तीच नावे घेऊन फडावर जातील, तर एका वर्षात एका तालुक्याचे चित्र उभे राहू शकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती दोनदा जाण्याची तयारी.

आणि जे हाती येईल ते त्याच गावात परत वाचून दाखवावे. गावकऱ्यांनी चुका दुरुस्त कराव्यात, सुटलेली नावे भरावीत, आक्षेप घ्यावेत. ग्रामसभा वर्षातून अनेकदा होतात. २६ जानेवारीच्या सभेला ऊसतोड करणारी घरे गावात नसतात. १ मेपर्यंत बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात, शाळांचे निकालही त्याच सुमारास लागतात आणि पुढच्या हंगामाची उचल अजून घ्यायची असते. या विषयावर काम करणाऱ्यांनी आपला अहवाल १ मेच्या ग्रामसभेत, त्या आईबापांच्या समोर मांडावा.